फिलिप हेन्री गॉस : घरात समुद्र आणणारा माणूस



आमच्या आसगावात समुद्र नाही, हे सांगायची गरज नाही. पवनी तालुक्यातलं हे धानाचं गाव. पाणी म्हणाल तर वैनगंगा, तालुक्यातलं गोसीखुर्द धरण, बोड्या आणि जुने मामा तलाव. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलांना माशांची नावं माझ्यापेक्षा जास्त येतात. पण समुद्र म्हणजे पुस्तकातलं चित्र, आणि पोवळं म्हणजे आजोबांच्या अंगठीतला लाल खडा. तो खडा एका समुद्री प्राण्याच्या सांगाड्याचा असतो हे सांगितलं, तेव्हा अर्धा वर्ग हसला होता.

यंदा विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी एक वेगळाच विषय घेतला. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ ज्या दगडांवर बसवतात, ते दगड नि त्या छोट्या बैठका घरच्या घरी तयार करायच्या. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा, खडे मीठ, एवढंच सामान. घमेल्यात हात घालून काम चाललं असताना एका मुलीनं विचारलं, की अशी समुद्राची पेटी घरात ठेवायचं पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं? मला नीट सांगता आलं नाही. मग वाचत गेलो आणि एक माणूस सापडला. तो कारकून होता, फसलेला शेतकरी होता, काही काळ आपल्यासारखा शाळामास्तरही होता. त्याची ही गोष्ट. वर्गात सांगायला तुम्हालाही उपयोगी पडेल.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रं रंगवणारे फिरते चित्रकार. आज या गावी, उद्या त्या गावी. कमाईचा भरवसा नव्हता. आई खमकी, तिनंच घर चालवलं. फिलिपचं बालपण गेलं पूल नावाच्या बंदराच्या गावात. तिथल्या धक्क्यावर न्यूफाउंडलंडहून आलेली जहाजं लागायची. गावात सुसान बेल नावाची आत्या होती. तिला किडे, फुलपाखरं, किनाऱ्यावरचे जीव यांचं वेड. अळीचं फुलपाखरू कसं होतं ते तिनं पोराला दाखवलं. खडकाला चिकटलेली फुलासारखी दिसणारी समुद्रपुष्पं हे प्राणी आहेत, हेही तिनंच सांगितलं आणि ते समुद्राच्या ताज्या पाण्यात, भांड्यात ठेवून पाहायला सुचवलं. पुढं जगभर पसरलेल्या छंदाचं मूळ असं एका आत्याच्या सांगण्यात आहे. वडिलांकडून चित्रकलेचा हात आला आणि आत्याकडून नजर आली. शाळा मात्र लवकर सुटली, कारण पैसे नव्हते.

१८२७ साली, सतराव्या वर्षी, फिलिपला न्यूफाउंडलंडमधल्या कार्बोनियर गावी एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून पाठवलं. मासळीचे, तेलाचे हिशेब लिहायचे. थंडी भयंकर, माणसं थोडी. १८३२ मध्ये त्यानं सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि किडे गोळा करायचा नाद पक्का झाला. दिवसा वह्या, संध्याकाळी किडे. त्याच सुमाराला तो अतिशय धार्मिकही झाला. बायबलमधलं अक्षर न् अक्षर खरं, ही श्रद्धा त्यानं मरेपर्यंत सोडली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं मोठं काम आहे.

१८३५ मध्ये तो कॅनडात कॉम्प्टनला गेला आणि मित्रांसोबत शेती घेतली. शेती बुडाली. कशी बुडते ते आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. त्यात या शेतकऱ्याचं लक्ष पिकापेक्षा पिकावरच्या किड्यांकडं जास्त! हिवाळ्यात पोटासाठी तो शाळा शिकवायचा. १८३८ मध्ये अमेरिकेत अलाबामाला गेला. तिथं मळेवाल्यांच्या मुलांसाठी ओंडक्यांची शाळा होती, तिचा तो मास्तर झाला. शाळा सुटली की रानात फिरून फुलपाखरांची अप्रतिम चित्रं काढायचा. पण तिथली गुलामगिरी त्याला सहन होईना. आठेक महिन्यांत त्यानं ती नोकरी सोडली.

१८३९ मध्ये तो इंग्लंडला परत आला तेव्हा खिसा रिकामा होता. जवळ फक्त एक हस्तलिखित होतं, कॅनडाच्या निसर्गावरचं. ते १८४० मध्ये छापलं गेलं आणि लेखक म्हणून त्याचं नाव झालं. तरी पोट काही भरेना, म्हणून लंडनजवळ एक छोटी शाळा चालवली. पुढं १८४४ मध्ये जमैकाला जाऊन दीड वर्ष पक्षी, किडे, वनस्पती गोळा केल्या. जमैकाच्या पक्ष्यांवरच्या त्याच्या पुस्तकावर रिचर्ड हिल या तिथल्याच अभ्यासकाचं नाव मदतनीस म्हणून मुखपृष्ठावर आहे. त्या काळात गोऱ्या साहेबानं स्थानिक माणसाचं श्रेय असं छापणं रोजचं नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

१८४८ मध्ये एमिली बोव्ज हिच्याशी लग्न झालं. तीही लिहिणारी, चित्रं काढणारी, तितकीच श्रद्धाळू. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉसनं रोजनिशीत मुलाच्या जन्माची नोंद केली आणि तिच्याच शेजारी जमैकाहून एक हिरवी पाकोळी मिळाल्याची नोंद केली, दोन्ही सारख्याच थोडक्यात. लोक यावर फार हसले आहेत. मला तो माणूस तेवढ्या एका नोंदीत दिसतो.

आता मुख्य गोष्ट.

समुद्रातले जीव घरात जगवायची धडपड गॉसच्या आधीही काही लोकांनी केली होती. त्यात मला सगळ्यांत आवडलेली बाई म्हणजे ॲना थिन. हिचा नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा धर्माधिकारी. १८४६ मध्ये ही बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेली असताना तिला जिवंत प्रवाळ मिळाले. इंग्लंडच्या थंड पाण्यातले प्रवाळ म्हणजे उष्ण समुद्रातल्या बेटांएवढे खडक नव्हेत. अंगठ्याच्या नखाएवढी एकेकटी चुनखडीची वाटी आणि तिच्यात बसलेला मऊ जीव, बस्स. तिला ते जिवंत लंडनला न्यायचे होते. वाटेत हिंदकळून ते एकमेकांवर आपटले तर मेले असते. मग तिनं काय करावं? सुई-दोरा घेतला आणि ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजला टाकून शिवले! दगडी बरणीत समुद्राचं पाणी आणि त्यात स्पंजला शिवलेले प्रवाळ. प्रवाळाला घट्ट बैठक लागते, हे तिनं बायकांच्या शिवणाच्या पेटीतल्या हत्यारानं सोडवलं. आमच्या वर्गातल्या मुलींना हा भाग फार आवडला.

लंडनला पोचल्यावर पाणी खराब होऊ लागलं. रोज नवं समुद्राचं पाणी कुठून आणणार? तर उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतायचं, अर्धा-पाऊण तास, म्हणजे हवा मिसळते. आपण चहा गार करतो तसं. हे काम घरातली मोलकरीण करायची. तिचं नाव मला कुठं सापडलं नाही. प्रवाळ मात्र तिच्या हातांवर जगले. पुढं बाईंनी बरणीत जिवंत समुद्री वनस्पती सोडल्या आणि पाणी जास्त काळ चांगलं राहू लागलं. प्रवाळांना पिल्लंही झाली.

दुसरीकडं लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ हाच प्रश्न शास्त्राच्या बाजूनं सोडवत होते. गोडं पाणी, त्यात सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते, गोगलगाय साफसफाई करते. १८५० मध्ये त्यांनी हे मांडलं. आपण सहावी-सातवीला जो समतोल शिकवतो, तो एका काचेच्या भांड्यात बंद झाला.

गॉस यांच्याकडं हा विषय आला तो आजारपणातून. लिहून लिहून प्रकृती इतकी बिघडली, की १८५२ च्या सुरुवातीला ते बायको-मुलासह डेव्हनच्या किनाऱ्यावर हवापालटासाठी गेले, आधी सेंट मेरीचर्चला आणि मग इल्फ्राकूमला. विश्रांती कसली घेतात! भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून रोज खडकांत. काळा कोट, कंबरेएवढं पाणी, हातात छिन्नी-हातोडा, खांद्यावर बरण्यांची टोपली. आणलेले जीव काचेच्या बरण्यांत समुद्री वनस्पतींसोबत ठेवायचे, दिवसांमागून दिवस पाहायचे आणि जिवंतपणी त्यांची चित्रं काढायची. तोवरचे बहुतेक अभ्यासक मेलेले, दारूत बुडवलेले नमुने बघून लिहीत. गॉस जिवंत जीव बघून लिहू लागले, हा मोठा फरक. इल्फ्राकूमच्या खडकांत त्यांना शेंदरी-सोनेरी रंगाचा एक सुंदर प्रवाळ मिळाला. त्याचं बॅलॅनोफिलिया रेजिया हे शास्त्रीय नाव त्यांनीच दिलेलं आहे.

इथं थोडं थांबतो, कारण आमच्या मुलांच्या घमेल्याशी याचा थेट संबंध आहे. प्रवाळ खडकाला नुसता चिकटत नाही. त्याचा चुनखडीचा तळ खडकाशी एकजीव होतो. ओढून काढला तर तो फाटतो, मरतो. म्हणून गॉस प्राण्याला हात लावत नसत. त्याच्या खालचा खडकाचा तुकडाच छिन्नीनं उडवायचे आणि तुकड्यासकट त्याला बरणीत ठेवायचे. खडकाचा तोच तुकडा पेटीत प्रवाळाची बैठक व्हायचा. युक्ती अगदी बरोबर, आणि जिवाच्या दृष्टीनं दयाळूसुद्धा. फक्त दर प्रवाळामागं किनाऱ्याचा एक ढलपा निघायचा. एक माणूस हे करतो तेव्हा समुद्राला पत्ताही लागत नाही.

१८५३ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्याच्या भटकंतीवरचं त्यांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्यातले कितीतरी जीव गॉस यांनी गोळा करून दिलेले होते. १८५४ मध्ये त्यांचं सगळ्यांत गाजलेलं पुस्तक आलं. त्याचं नाव द ॲक्वेरियम. आज आपण मत्स्यालयाला ॲक्वेरियम म्हणतो, तो शब्द या अर्थानं रूढ झाला तो यांच्यामुळं. आतली रंगीत चित्रं त्यांचीच.

पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी काय करायचं? गॉस यांनी तेही सोडवलं. समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण आधीच झालेलं होतं. ते घेऊन त्यांनी १८५४ मध्ये चार क्षारांचं पाणी बनवलं. आपल्या मापात सांगायचं तर साडेचार लिटरांना थोड्या कमी पाण्यात साधारण १०० ग्रॅम खायचं मीठ, ७ ग्रॅम एप्सम मीठ, १३ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड. आधी त्यात समुद्री वनस्पती ठेवायच्या, काही दिवसांनी जीव सोडायचे. जीव जगले. आसगावसारख्या गावातसुद्धा समुद्राचं पाणी करता येईल, याचा पाया तिथं घातला गेला.

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक गंमत. बाकीचे घटक फार थोडे म्हणून गॉस यांनी सोडून दिले, आणि त्यात चुनाही सुटला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात कॅल्शियम असतं सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे खरोखरच चिमूटभर. पण प्रवाळ आपलं घर बांधतो ते नेमकं त्या चिमटीतून. प्रमाण थोडं म्हणजे महत्त्व थोडं, असं नसतं. मुलांना या कृतीतली उणीव शोधायला सांगा, चांगला तास होतो.

पुस्तकानं इंग्लंड वेडं झालं. वेळही जुळून आली होती. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळं काच स्वस्त झालेली. रेल्वेनं लोक सुट्टीला किनाऱ्यावर जाऊ लागलेले. दिवाणखान्यात समुद्राची पेटी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. जिवंत समुद्रपुष्पं, वनस्पती, बरण्या, तयार समुद्राचं पाणी विकणारी दुकानं निघाली. पेटीत दगडांची कमान, गुहा उभारायची टूम निघाली. दगड सिमेंटनं जोडायचे, आणि मग जीव मरायचे. का मरतात ते कळायला वेळ लागला. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जहाल अल्कधर्मी होतं. तेव्हा रचलेला दगड आधी बरेच दिवस पाण्यात भिजत घालायचा, पाणी बदलत राहायचं, हे अनुभवानं ठरलं. पावणेदोनशे वर्षांनी आम्हीही तेच करतोय.

१८५५ मध्ये गॉस यांनी इल्फ्राकूमला किनाऱ्यावरच शिबिर घेतलं. स्त्री-पुरुष दोघंही. खडकात उतरायचं, जीव शोधायचा, ओळखायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कॉलेज न पाहिलेला हा माणूस १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

आणि मग १८५७. फेब्रुवारीत एमिली गेली, स्तनाच्या कर्करोगानं, वेदनादायक उपचार सोसून. मुलगा सात वर्षांचा. त्याच वर्षी गॉस यांनी ऑम्फॅलोस हे पुस्तक प्रसिद्ध केलं. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांतले जीवाश्म दाखवून पृथ्वी अतिप्राचीन आहे म्हणत होते आणि बायबल सहा दिवसांत सृष्टी झाली म्हणत होतं. गॉस यांना दोन्ही सोडवेना. त्यांनी तोड काढली, की देवानं सृष्टी निर्माण केली तीच मुळी भूतकाळाच्या खुणांसकट, जीवाश्मांसकट. त्यांना वाटलं, आता दोन्ही बाजू खूश होतील. दोन्ही बाजूंनी झिडकारलं. शास्त्रज्ञ हसले आणि धार्मिक लोकांना देव लबाडी करतो असं सुचवलेलं पटलं नाही. बऱ्याच प्रती रद्दीत गेल्या. डार्विनशी त्यांचा पत्रव्यवहार होता, दोघांना एकमेकांच्या निरीक्षणांबद्दल आदर होता, पण १८५९ नंतर वाट वेगळी झाली ती झालीच. मला या माणसाची इथं कीव येत नाही. समोर दिसणारं इतकं अचूक टिपणारा माणूस एका जागी बघायलाच तयार नव्हता, एवढंच म्हणेन. आपल्यातही असे कोपरे असतात.

त्या दुःखात ते मुलाला घेऊन सेंट मेरीचर्चला कायमचे राहायला गेले आणि पुन्हा खडकांत उतरले. ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवर आणि प्रवाळांवर त्यांनी १८५८ ते १८६० या काळात ग्रंथ पुरा केला. चित्रं इतकी अचूक की आजही अभ्यासक उघडून बघतात. १८६० मध्ये एलायझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरं लग्न झालं. एलायझांनी एडमंडला माया लावली.

पण किनाऱ्याचं काय झालं होतं?

हजारो लोक गॉस यांचं पुस्तक हातात घेऊन छिन्नी-हातोड्यासह खडकांत उतरले होते. प्रत्येकाला एखादा प्रवाळ हवा, आणि प्रवाळाखाली त्याचा ढलपा. दुकानदारांना तर टोपल्याच्या टोपल्या हव्यात. घरी नेलेले बहुतेक जीव काही आठवड्यांत मरायचे, मग पुन्हा नवे आणायचे. थोड्याच वर्षांत घरातल्या पेट्या रिकाम्या झाल्या, माळ्यावर गेल्या. लोकांचा कंटाळा आला. किनारा मात्र ओरबाडला गेला. एडमंड पुढं मोठा साहित्यिक झाला. बापलेकांच्या नात्यावर १९०७ मध्ये त्यानं लिहिलेल्या पुस्तकात या ओरबाडलेल्या डबक्यांचं वर्णन आहे. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली ती रंगीत डबकी राहिली नाहीत, असं तो सांगतो. आणि हेही सांगतो, की आपल्याच पुस्तकांनी हे घडवलं हे वडिलांच्या लक्षात आलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं. मुलाच्या लेखणीत थोडी अतिशयोक्ती असेल, तरी मूळ गोष्ट खोटी वाटत नाही.

गॉस यांनी पाणी बनवायला शिकवलं, समतोल शिकवला, बघायला शिकवलं. फक्त दगड कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो समुद्रानं द्यायचा, असंच त्यांनी धरलं होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला तसंच वाटणार म्हणा.

पुढची बरीच वर्षं त्यांनी ऑर्किडं फुलवली, पाण्याच्या थेंबातले सूक्ष्म जीव पाहिले, रात्री दुर्बिणीतून तारे पाहिले. थंडीतल्या अशाच एका रात्री दुर्बिणीपाशी बसून गारठा बाधला आणि दुखणं वाढत गेलं. २३ ऑगस्ट १८८८ रोजी ते गेले.

आता आमच्या घमेल्याकडं येतो.

प्रवाळ बसवण्यासाठी खरा खडक समुद्रातून तोडून आणायचा, ही सवय गॉस यांच्या काळाबरोबर संपली नाही. विसाव्या शतकात इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी प्रवाळ-बेटावरचे जिवंत दगड पेटीत ठेवून पाणी स्वच्छ राहतं हे १९६१ मध्ये मांडलं. दगडाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू घाणीतला विषारी अमोनिया मोडतात. पद्धत उत्तम, पण मग जगभरातून अशा दगडांना मागणी आली, म्हणजे पुन्हा तीच छिन्नी. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. त्यांचा तुकडा तोडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मालवणला फिरायला गेलात तर मुलांना आठवण म्हणूनही उचलू देऊ नका. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ निघाले, तेव्हा २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते सोडवून दुसऱ्या खडकांवर बसवले गेले.

म्हणून दगड हातानं करायचा. आमची कृती अशी ठरली. एक वाटी साधं सिमेंट, दोन वाट्या वैनगंगेच्या काठच्या रिकाम्या शिंपल्यांचा जाड चुरा आणि धुतलेली वाळू, दोन वाट्या खडे मीठ. लाडू वळेल एवढंच पाणी. घमेल्यात ओली वाळू पसरून हातानं वेडावाकडा खड्डा करायचा, त्यात मिश्रण दाबून भरायचं, मधेमधे बोटानं भोकं पाडायची. छोट्या बैठका बाटल्यांच्या झाकणांत पाडल्या, बटणासारख्या, खाली दांडी काढून, म्हणजे मोठ्या दगडाच्या भोकात बसतात. दोन दिवस वर ओलं पोतं. ओलं सिमेंट कातडी खातं, तेव्हा मुलांच्या हातात रबरी हातमोजे हवेतच. पहिल्या खेपेला आम्ही बारीक मीठ वापरलं आणि अर्धे दगड हातातच भुगा झाले. खडे मीठ घेतल्यावर जमलं. ते मीठ नंतर पाण्यात विरघळून जातं आणि त्या जागी छिद्रं राहतात, पुढं जिवाणूंनी राहायला.

मग खरं काम, म्हणजे वाट बघणं. दगड साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, दीड-दोन महिने. चुना उतरला की नाही हे तपासायला आमच्याकडं महागडं यंत्र नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आहेत. अल्कधर्मी पाण्यात हळद लाल होते, साबण लागला की डागाची होते तशी. पहिल्या दिवशी पट्टी रक्तासारखी लाल झाली. एक पट्टी विहिरीच्या नुसत्या पाण्यात, एक दगडाच्या पाण्यात, आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलं वहीत रंगवून ठेवतात.

आमच्या पेटीत प्रवाळ नसणार. प्रदर्शनात नुसते दगड, त्यांच्या बैठका आणि गॉस यांच्या चार क्षारांचं, आणि मुलांनी आठवणीनं चुना घातलेलं, पाणी असेल. शेजारी त्या मुलीनं काढलेलं चित्र लावणार आहोत, स्पंजला प्रवाळ शिवणाऱ्या बाईचं.

सध्या पाचवा आठवडा चालू आहे. शुक्रवारची पट्टी अजून गुलाबी होती. सोमवारी पुन्हा पाणी बदलायचं आहे, बादल्या उचलायची पाळी दुसऱ्या गटाची.